पण जिंकायचं काय त्यात?

'त्याचा उपयोग काय?' हा प्रश्न आपल्याकडे बाळघुटीबरोबरच पाजतात. मुलगी गाणं शिकते म्हणावं, तर पाहुणे गाणं ऐकायच्या आधी 'प्रवेशिका झाली का?' असं विचारतात. सकाळी टेकडीवर जाऊन आलो म्हणावं, तर वर हवा कशी होती हे कोणी विचारत नाही, 'पावलं किती झाली?' एवढंच विचारतात. आणि एखादा गृहस्थ संध्याकाळी गॅलरीत नुसताच उभा दिसला, तर समोरच्या बिल्डिंगमधली मंडळी त्याच्या बायकोकडे हळूच चौकशी करतात, 'यांची तब्येत बरी आहे ना?'

इथवर मी सगळं सहन केलं. पण आता हा प्रश्न चक्क एका खेळाला विचारला जातोय. विचारणारे कोणी हेडमास्तर असते तर एक वेळ समजलं असतं. विचारणारी आहेत खुद्द तो खेळ खेळणारी मंडळी! तेव्हा आता गप्प बसणं शक्य नाही.

खेळाचं नाव 'टाउनस्केपर'. ऑस्कर स्टालबर्ग नावाच्या स्वीडिश गृहस्थानं तो केला. २०२० च्या जूनमध्ये तो अर्धाकच्चा बाजारात आला, २०२१ च्या ऑगस्टमध्ये शिजून तयार झाला आणि २०२२ मध्ये त्याचा आभासी वास्तवाचा अवतार निघाला. आभासी वास्तव म्हटल्यावर शंकराचार्यांचा काही संबंध असावा असं वाटेल, पण तसं नाही. डोळ्यांवर पाणबुड्यासारखा एक हेडसेट बांधायचा, दोन हातांत दोन दांड्या धरायच्या, की आपण आपल्या दिवाणखान्यातून नाहीसे होऊन भलतीकडेच उभे आहोत असं वाटू लागतं. हे आपल्याला वाटतं. घरातल्या इतरांना आपण दिवाणखान्यातच, न दिसणारे डास मारताना दिसतो.

आता खेळ कसा, ते सांगतो. समोर समुद्र. दुसरं काही नाही. पाण्यावर खूण केली, की 'डुबुक्' होऊन फरसबंदीचा तुकडा वर येतो. त्यावर पुन्हा खूण केली, की घर. दारं-खिडक्या आपोआप, छप्पर आपोआप. शेजारी दुसरं घर ठेवलं, की दोघं भिंतीला भिंत लावून उभी राहतात, आणि तरी कोर्टात जात नाहीत. चारी बाजूंनी घरं घालून मधे जागा मोकळी सोडली, की तिथे हिरवीगार बाग. कुठे कमान येते, कुठे जिना येतो, कुठे पूल. छपरांवर पक्षी येऊन बसतात आणि आपण हात घातला की भुर्रकन उडतात. खालचं घर काढून घेतलं तरी वरचं कोसळत नाही, आणि महानगरपालिकेची नोटीसही येत नाही. जमिनीची आखणीच मुद्दाम वेडीवाकडी केलेली आहे. त्यामुळे सरळ रस्ता काढायचा म्हटलं तरी तो जुन्या गावातल्या बोळासारखा मुरका मारून जातो.

आपण फक्त रंग निवडायचा आणि ठेवायचं किंवा काढायचं. बस्स. पैसा नाही, घरपट्टी नाही, शत्रू नाही, घड्याळ नाही, गुण नाहीत. हरणं नाही, त्यामुळे जिंकणंही नाही.

आता या खेळाबद्दल लोकांची जी मतं आहेत, ती ऐकत बसणं हा मूळ खेळापेक्षा मोठा खेळ आहे. त्यात सरळसरळ पक्ष पडले आहेत.

पहिला पक्ष तृप्तांचा. दिवसभर डोकं शिणल्यावर दहा मिनिटं घरं ठेवली, बरं वाटलं, झोप लागली, असं म्हणणारे. यांच्याशी माझं भांडण नाही. तृप्त माणसाशी भांडून करायचं काय?

दुसरा पक्ष पोटदुख्यांचा. हे मी अपमानानं म्हणत नाही, शब्दशः म्हणतोय. हा हेडसेट जवळजवळ अर्धा किलोचा. अर्धा किलो साखरेची पुडी कपाळाला बांधून वावरून बघा म्हणजे कळेल. शिवाय काहींना गरगरतं. डोळे म्हणतात आपण चाललोय, कान म्हणतात आपण उभे आहोत, आणि दोघांच्या भांडणात पोट मधे पडतं. वरंधा घाटात एस.टी.च्या मागच्या सीटवर बसलेल्यांना हे समजावून सांगायला नको. या पक्षाचंही मला मान्य आहे. पोटाशी वाद घालू नये.

तिसरा पक्ष हिशेबी लोकांचा. इतके पैसे घातले, तासाभरात सगळं बघून झालं, तेव्हा ताशी किती पडले? आणि चौथा पक्ष, ज्याच्यासाठी मी आज बाह्या सरसावल्या आहेत, तो ध्येयवाद्यांचा. यांचं म्हणणं असं, की यात पायऱ्या नाहीत, कामगिऱ्या नाहीत, बक्षिसं नाहीत, तेव्हा हा खेळच नव्हे. गंमत म्हणजे करणारा बापडा स्वतःच विकताना सांगतोय की हे खेळण्यापेक्षा खेळणं जास्त आहे, यात ध्येय वगैरे काही नाही. म्हणजे बाटलीवर ठळक अक्षरांत 'कोकम सरबत' असं वाचून, विकत घेऊन, पिऊन झाल्यावर 'यात दूध नाही' म्हणून तक्रार करण्यातला हा प्रकार.

माझा भाचा या चौथ्या पक्षाचा कट्टर कार्यकर्ता आहे. तो संगणकाच्या कंपनीत आहे आणि तिथे म्हणे दर तीन महिन्यांनी माणसाला त्याचं ध्येय लिहून द्यावं लागतं. त्यामुळे त्याला ध्येयाशिवाय चहासुद्धा पचत नाही.

"मामा, सगळं ठीक आहे," तो म्हणाला, "पण जिंकायचं काय त्यात?"

"अरे, लहानपणी तू दिवाळीत किल्ला करायचास. त्यात काय जिंकलास?"

"दुसरा नंबर!" तो ताडकन म्हणाला. "आणि स्टीलचा डबा."

आता बोला.

या डब्याकडे मी पुन्हा येणार आहे. त्याआधी ध्येयवाद्यांना थोडा इतिहास सांगणं भाग आहे. त्यांचा हा प्रश्न नवा नाही. विल राइट नावाच्या अमेरिकनानं १९८४ मध्ये हेलिकॉप्टरमधून बेटांवर बॉम्ब टाकण्याचा एक खेळ काढला होता. तो करताना त्याच्या लक्षात आलं, की आपल्याला बेटं उडवण्यापेक्षा ती मांडण्यातच जास्त मजा येतेय. त्यातून शहर बांधायचा खेळ निघाला, 'सिमसिटी'. प्रकाशकांनी विचारलं, 'पण यात जिंकायचं कुठे? हरायचं कुठे?' झालं. खेळ पडून राहिला. शेवटी १९८९ मध्ये तो राइटच्या स्वतःच्या भागीदारीतल्या कंपनीतून आला आणि जगभर लोकांनी त्यापायी रात्री जागवल्या. आज जे 'टाउनस्केपर'ला जिंकण्याबद्दल विचारतात, त्यांच्यातले बरेच जण या 'सिमसिटी'वरच वाढलेले असणार. सुनेला सासूचं सुचतं, म्हणतात ते असं.

पण माझा खरा मुद्दा पुढेच आहे. 'सिमसिटी'त जिंकणं नसलं तरी हिशेब होता. कर, लोकसंख्या, लोकांची पसंती. आणि हिशेब आला की हिशेब मांडणारा आला. गाव चांगलं म्हणजे काय, हे त्यानं आधीच ठरवलेलं असतं. खेळ करताना राइटनं एमआयटीचे प्राध्यापक जे फॉरेस्टर यांचं १९६९ चं 'अर्बन डायनॅमिक्स' वाचलं होतं. त्या पुस्तकातल्या गणिताचा एक निष्कर्ष असा, की गरिबांसाठी स्वस्त घरं बांधली तर शहराचं उलट नुकसान होतं. यावर त्या काळीही पुष्कळ भांडणं झाली. फॉरेस्टर बरोबर की चूक, हे मी कशाला सांगू? मी एवढंच म्हणतो, की समोर आकडा वाढताना दिसला, की तो कुणाच्या डोक्यातून आला हे विचारायचं आपण विसरतो.

साधं उदाहरण घ्या. 'सिमसिटी'त राहायचा पट्टा वेगळा, दुकानांचा वेगळा, कारखान्यांचा वेगळा. आता यात गिरगावातली चाळ बसवून दाखवा! खाली पिठाची गिरणी, शेजारी शिंपी, वर बिऱ्हाडं, तिसऱ्या मजल्यावर शिकवणी, जिन्याखाली इस्त्रीवाला आणि गच्चीवर पापड. हा पट्टा कोणता? त्या खेळाच्या लेखी अशी वस्ती जन्मालाच येऊ शकत नाही. आपली निम्मी गावं ज्यात बांधताच येत नाहीत, त्याला ध्येय असलेला खेळ म्हणायचं, आणि ज्यात कुठल्याही घरावर कुठलंही घर चढवून खाली कोण आणि वर कोण हे आपण आपल्या मनाशी ठरवायचं, त्याला म्हणायचं अपुरा!

बरं, हिशेब चोख तरी असावा? तोही नाही. याच खेळाची २०१३ मध्ये नवी आवृत्ती निघाली, तेव्हा तिच्या रचनाकारांनी खऱ्या शहरांत गाड्या उभ्या करायला किती जागा लागते ते मोजलं आणि हादरले. तेवढी दाखवली तर शहर म्हणजे नुसता वाहनतळ दिसेल! तेव्हा त्यांनी ती जागा जमिनीखाली आहे असं गृहीत धरून विषय मिटवला. आमच्या सोसायटीतही हा प्रश्न असा गृहीत धरून सुटला असता तर दोन घरं एकमेकांशी बोलत असती.

आणि या ध्येयाच्या वाटेनं थेट शेवटपर्यंत गेलं तर काय होतं, तेही एकानं दाखवून दिलंय. फिलिपिन्समधल्या वास्तुकलेच्या एका विद्यार्थ्यानं 'सिमसिटी ३०००'मध्ये काही वर्षं खपून साठ लाख वस्तीचं एक शहर रचलं आणि २०१० मध्ये ते जगाला दाखवलं. एक इंच वाया नाही. रस्तेच नाहीत, सगळी ये-जा भुयारी गाडीनं. शाळा-दवाखान्यांची चैन नाही. माणसं पन्नाशीच्या आसपास मरतात, पण आकडा हलत नाही. खेळाच्या हिशेबानं हे शहर जिंकलं! पोरगा शहाणा. त्यानं ते कौतुकासाठी नव्हे, टोचण्यासाठीच केलं होतं. पण टोचून घ्यायला कातडी पातळ लागते.

आता हिशेबी पक्षाकडे वळतो. ताशी किती पडले, हा त्यांचा प्रश्न. पहाटे उठून दारात रांगोळी काढतात. नऊ वाजेपर्यंत दूधवाला, पेपरवाला आणि शेजाऱ्यांचं मांजर तिच्यावरून जातं. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढतात. गणपतीची आरास आठ रात्री जागून करतात आणि दीड दिवसात उतरवतात. भाव काढायचा ठरवला तर यातलं काहीच परवडायचं नाही. परवडतं ते फक्त कंटाळा येऊन ताणत राहणं. कित्येक खेळ हल्ली तेच करतात. 'अजून एक पायरी, अजून एक बक्षीस' म्हणत माणसाला पहाटे तीनपर्यंत बसवून ठेवतात. त्यापेक्षा तासाभरात 'झालं आपलं, आता जेवायला जा' असं म्हणणारा खेळ मला घरंदाज वाटतो.

एक तक्रार मात्र मी बाजूला ठेवली होती, कारण तिच्यात वजन आहे. काही जण म्हणतात, या गावात माणसंच नाहीत. घरं आहेत, दारं आहेत, बागा आहेत, पण दार उघडून कोणी बाहेर येत नाही. अशा गावाला गाव म्हणायचं?

बोच खरी आहे. पण या मंडळींनी लहानपणी भातुकली पाहिली नव्हती का? बोळक्यात भात कुठे होता? चुरमुरेसुद्धा नेहमी नसत. मातीचे खडे वाढत आणि समोरचा 'वा, मीठ बरोबर पडलंय' म्हणत असे. भात नव्हता, म्हणून तर कधी वरण, कधी पुरणपोळी होई. मालमसाला तयार मिळाला की मन कामाला लागत नाही. ज्या खेळांत माणसं असतात, त्यांत ती काय म्हणून असतात तेही बघावं. कोपऱ्यात एक आकडा म्हणून! कर वाढवला की आकडा गाव सोडून जातो, कमी केला की परत येतो. मोजलेल्या माणसापेक्षा मनात धरलेला माणूस केव्हाही बरा. माझ्या एका पिवळ्या घरात एक पेन्शनर राहतात. ते रोज सकाळी समोरच्या निळ्या घराच्या बागेतली फुलं चोरतात. हे मला कुठल्याही यंत्रानं सांगितलेलं नाही.

आणि हेडसेटचं खरं मोल इथे कळतं. हे गाव टेबलावर मांडलेल्या रुखवतासारखं लहान करून बघता येतं, आणि मनात आलं तर आपणच लहान होऊन त्याच्या गल्लीत उभं राहता येतं. वरून जी आखणी झकास दिसत होती, ती खाली उभं राहिल्यावर अंगावर येते. वरून चूक वाटलेला बोळ खाली गेल्यावर सावलीचा निघतो. पॅट्रिक गेडिस नावाचे एक स्कॉटिश गृहस्थ १९१९ ते १९२४ या काळात मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. नकाशावर पट्टी ठेवून वस्त्यांतून सरळ रस्ते काढणाऱ्या इंजिनिअरांशी त्यांचं जन्माचं वाकडं. ते म्हणत, आधी गावातून पायी हिंडा, मग पेन्सिल उचला. मोडकळीला आलेली चार घरं काढा, तिथे झाड लावा, बाकीच्या गावाला हात लावू नका. आमच्या गावांचं भवितव्य जे ठरवतात, त्यांना पायी हिंडणं जमत नसेल तर निदान हा हेडसेट तरी बांधावा. गरगरेल थोडं. पण आम्हालाही गरगरतंच.

आता तो स्टीलचा डबा.

किल्ला करणं म्हणजे काय होतं? विटा, दगड, चिखलात बुडवलेलं पोतं, वर पेरलेले हळीव. महाराज बुरुजापेक्षा उंच. मावळा दरवाजातून आत जाऊ शकणार नाही एवढा धिप्पाड. पायथ्याशी तळं, तळ्यात प्लॅस्टिकचं बदक, तळ्याकाठी वाघ आणि वाघाच्या शेजारून गेलेली लाल एस.टी. कोणालाही काही खटकत नसे. मग स्पर्धा आली. परीक्षक आले. कागद आला. ऐतिहासिक अचूकतेला दहा, मांडणीला दहा, स्वच्छतेला दहा. पहिल्या वर्षी एस.टी. गेली. दुसऱ्या वर्षी बदक गेलं. तिसऱ्या वर्षी पोरं बाजूला झाली आणि वडील मंडळी चिखलात बसली, कारण शेजारच्या विंगचा नंबर आला होता! आणि आता प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा तयार किल्ला बाजारात मिळतो. तो आणायचा, गॅलरीत ठेवायचा. हात धुवायचंही काम नाही. ध्येय शंभर टक्के गाठलं. फक्त किल्ला कोणी केला नाही.

असं होतं, म्हणून मी भांडतोय. ही गोष्ट डब्यावर थांबत नाही. आमच्या खऱ्या गावांनाही असाच एक आकडा चिकटला आहे. एफएसआय, म्हणजे किती जमिनीवर किती बांधकाम. हा आकडा वाढवणं म्हणजे जिंकणं. आता या आकड्यात चौक बसत नाही, ओटा बसत नाही, जिन्यातली पायरीवरची बैठक बसत नाही, पारिजातक तर नाहीच नाही. जे मोजलं जात नाही ते आधी नकाशातून जातं आणि मग बोलण्यातून. त्या स्वीडिश गृहस्थाच्या खेळात चार घरांच्या मधे जागा सोडली की बाग आपोआप उगवते. आमच्याकडे चार बिल्डिंगच्या मधे जागा सोडली तर लोक विचारतात, 'वाया का घालवली?' ज्या पिढीला खेळातलंसुद्धा मोकळं गाव अपुरं वाटतं, ती उद्या खऱ्या गावात मोकळी जागा सोडेल कशावरून?

म्हणून स्टालबर्गसाहेबांना माझी हात जोडून विनंती आहे, की लोक काहीही म्हणोत, तुम्ही गुण देऊ नका. एकदा का घरामागे पाच आणि बागेमागे दहा गुण ठेवलेत, की दुसऱ्या दिवशी सगळा समुद्र बागांनी भरून जाईल आणि तिसऱ्या दिवशी बागेकडे कोणी बघणार नाही.

आणि ज्यांना ध्येयाशिवाय करमतच नाही, अशा मंडळींना मी एक सोय सुचवतो. येत्या रविवारी सकाळी दहाला आमच्या सोसायटीची पुनर्विकासाची सभा आहे. त्यात गाव बांधायचंय, पैसा आहे, कर आहे, शत्रू आहेत, घड्याळ आहे, पायऱ्या तर इतक्या आहेत की अकरा वर्षं झाली, आम्ही दुसऱ्या पायरीवरच आहोत. हेडसेटची गरज नाही, गरगरण्याची पूर्ण व्यवस्था आहे. अवश्य या आणि जिंकून दाखवा. चहा सोसायटीकडून.